दर्शनी भिंतीचा हिशेब

व्यापारी कुटुंबात दुकानाचे रूप दर दहा-बारा वर्षांनी पालटते. फळ्या जाऊन शटर येते, शटरमागे काचेचे दार येते, गादी-तक्क्याच्या जागी टेबल येते, पाटी नव्याने रंगते. घर मात्र तसेच राहते. यामागे कंजुषीच असते असे नाही. घरात घातलेला पैसा फिरत नाही, ही शिकवण पिढ्यानपिढ्या अंगी मुरलेली असते आणि बहुतेक वेळा ती खरीही असते. तुरीत गुंतवलेला रुपया हंगामाअखेर परत येतो, कधी चार आणे घेऊन, तर कधी चार आणे सोडून. भिंतीला गेलेला रुपया भिंतीतच राहतो. म्हणून घराच्या बाहेरच्या बाजूकडे लक्ष जाते ते एखाद्या निमित्तानेच. घरात लग्न ठरते, किंवा शेजारी घर सजवतो.

बार्शीतील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी ही दोन्ही निमित्ते एकाच वर्षी आली. बार्शी ही धान्याची आणि डाळींची जुनी पेठ. १८९७ साली अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीकडून गावापर्यंत आली, त्या आधीपासून येथे व्यापार आहे. पेठेच्या मागच्या गल्लीत हे घर उभे आहे. बांधणी १९६७ ची. दर्शनी रुंदी बावीस फूट, दोन मजले, विटांच्या भिंती, वर स्लॅब, वरच्या मजल्याला तीन खिडक्या, खाली ओटा आणि ओट्याला काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या. नक्षी नाही, कमान नाही, महिरप नाही. वाडा म्हणावा असे त्यात काही नाही आणि बंगला म्हणावा असेही काही नाही.

अशी घरे प्रत्येक बाजारगावात रांगेने उभी आहेत आणि त्यांचे कौतुक करणारा कोणी नाही. वाड्यांवर पुस्तके निघतात, नव्या बंगल्यांसाठी कर्जे निघतात. मधल्या काळातील या सरळ घरांचे कोणी छायाचित्रही काढत नाही. वस्तुतः ती विचार न करता बांधलेली नव्हती. सिमेंट तेव्हा सहज मिळत नसे, म्हणून जेथे गरज तेथेच ते वापरले गेले. खिडक्यांवरचे सज्जे दीड-दोन फूट पुढे काढले, कारण सोलापूर जिल्ह्यातील दुपारचे ऊन आत येऊ द्यायचे नव्हते. जोते रस्त्यापासून चांगले वर घेतले, कारण परतीचा पाऊस आला की गल्लीतून पाणी वाहते. या घरांचे रूप बिघडवले ते पुढच्या पन्नास वर्षांतील सोयींनी. ओट्यावर निळा पत्रा आला, कूलरची लोखंडी मांडणी आली, एकामागून एक आलेल्या केबलवाल्यांच्या तारा आल्या आणि केबलवाले गेल्यावरही तारा राहिल्या. सांडपाण्याचे नळ दर्शनी भिंतीवरून तिरपे उतरले. जोत्याच्या दगडाला कोणीतरी एका दिवाळीत लाल तेलरंग फासला. त्यात भर म्हणून पोपडे, सज्जांखालचे काळे ओघळ आणि वरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी खाली उतरलेली एक भेग.

त्या वर्षी थोरल्या बंधूंच्या मुलाचे लग्न ठरले. वैशाखातील मुहूर्त निघाला. त्याच दिवाळीत शेजारच्या घराने आपली दर्शनी भिंत करड्या-नारिंगी ॲल्युमिनियमच्या पॅनेलांनी मढवली आणि गच्चीला काचेचा कठडा लावला. धाकट्या बंधूंनी त्याच कंत्राटदाराला बोलावले. त्याने संगणकावर चित्र काढून आणले आणि साडेसहा लाखांचा आकडा दिला. चित्रात घरासमोर ताडाची दोन झाडे आणि लाल रंगाची लांबलचक मोटार होती. गल्ली चौदा फुटांची आहे, हे चित्राला ठाऊक नव्हते.

पैसा नव्हता असे नाही. तो अडकलेला होता. तुरीचे भाव उतरले होते, माल गोदामात होता, आणि खालच्या बाजारातील उधारी वसूल होत नव्हती. साडेसहा लाख काढायचे तर दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढावे लागणार होते. दोघा भावांचे या विषयावर जेवढे बोलणे झाले, तेवढे वीस वर्षांच्या भागीदारीत क्वचितच झाले असेल.

“दादा, पेठेत लोक आधी भिंत बघतात आणि मग खातेवही,” धाकटे म्हणाले. “पोपडे पडलेल्या घरातली पेढी बुडायला आली असेच समजतात. शिवाय व्याही येणार आहेत.”

“ज्याला माल द्यायचा आहे, तो भिंत बघून देत नाही,” थोरल्यांचे उत्तर होते. “आणि हंगामात भांडवल भिंतीला लावलेले कळले, तर आहे ती पतही जाईल.”

दोघांचेही खरे होते, म्हणूनच वाद मिटत नव्हता. व्यापारात पत नावाची गोष्ट डोळ्यांनी दिसत नाही. त्यामुळे लोक ती जेथे दिसेल असे वाटते तेथे शोधतात, आणि घराची दर्शनी भिंत ही त्यांपैकी एक जागा आहे. धाकट्यांना केवळ शेजाऱ्याचा हेवा वाटत होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांना उधारीसाठी रोज चार दारी जावे लागत होते आणि लोकांच्या नजरेतील बदल त्यांना आधी जाणवत होता.

पुण्यात नोकरी करणारा नवरा मुलगा दिवाळीला घरी होता. त्याने एक निराळीच गोष्ट पुढे केली. अशा स्वस्त पॅनेलांच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असतो आणि तो पेट घेतो. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या इमारतीला २०१७ साली लागलेली आग अशाच आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे दगावली. दुमजली घराची आणि चोवीस मजली इमारतीची तुलना होत नाही हे धाकट्यांचे म्हणणे बरोबर होते. पण वीजमीटर आणि तारांचे जाळे दर्शनी भिंतीवरच आहे, हेही सर्वांना दिसत होते.

निर्णय फिरला तो मात्र मातुश्रींच्या एका वाक्यावर. ऐंशी ओलांडलेल्या मातुश्री अशा चर्चांत पडत नसत. त्या एवढेच म्हणाल्या, “पत्रा लावा, पण कठड्यावरची अक्षरे झाकली जातील.” कठड्यावर अक्षरे आहेत हे घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हते. गच्चीवरून वाकून पाहिले, तर मधल्या भागात रंगाच्या थरांखाली उंचवटे दिसत होते, वाचता मात्र काही येत नव्हते.

अखेर असे ठरले की दुकानाच्या पैशाला हात लावायचा नाही. लग्नातील रोषणाई आणि वरातीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून एक लाख पंच्याहत्तर हजार घराला द्यायचे, त्याहून एक रुपयाही नाही. धाकट्यांनी हे मान्य केले, पण मनापासून नव्हे. खर्चाची वही आपणच लिहिणार, एवढी अट त्यांनी घातली. ही अट कामाच्या फार उपयोगी पडली, कारण ज्याला अधिक खर्च करायचा आहे त्याच्याच हाती वही असली, की प्रत्येक रुपया कशासाठी गेला हे तोच सर्वांत बारकाईने पाहतो.

सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक परिचित अभियंता घर पाहायला आले. त्यांनी रंगाविषयी काहीच विचारले नाही. आधी गच्चीवर गेले, मग न्हाणीमागे, मग गल्लीत उकिडवे बसून जोत्याचा कोपरा पाहिला. घराच्या बाहेरच्या रूपाचा बहुतेक बिघाड पाण्याने होतो, असे त्यांचे म्हणणे, आणि या घरापुरते ते शब्दशः खरे ठरले. सज्जांच्या खालच्या कडेला पूर्वी बारीक खाच होती. वरून आलेले पाणी त्या खाचेपाशी थांबून थेंबाथेंबाने खाली पडावे, भिंतीकडे वळू नये, यासाठी ती असते. वर्षानुवर्षांच्या रंगाने ती बुजली होती, म्हणून पाणी सज्जाच्या पोटावरून भिंतीपर्यंत येऊन काळे ओघळ उमटत होते. एका गवंड्याने दोन दिवसांत साऱ्या खाचा मोकळ्या केल्या. वहीत मजुरी पडली दोन हजार चारशे. त्या सज्जांवर पूर्वी दर दोन वर्षांनी रंगाचा हात दिला जात होता आणि दर पावसाळ्यात तो वाया जात होता.

भेगेचा प्रश्न अवघड होता. मातुश्री ती भूकंपाची मानत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने बार्शीतही लोक घराबाहेर धावले होते, आणि त्या सकाळी ही भेग दिसल्याचे त्यांना पक्के आठवत होते. अभियंत्यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढले नाही. भेग तेव्हा पडली असेल, पण ती हलते आहे ती जमिनीमुळे, असे ते म्हणाले. काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचे घरही वर्षभर किंचित वर-खाली होत राहते. सगळी जमीन सारखी भिजली-सुकली तर घर ते सोसते. येथे मात्र गच्चीच्या पन्हाळीचा नळ जमिनीपासून चार फुटांवर तुटलेला होता आणि सारे पाणी एकाच कोपऱ्यात मुरत होते. बरोबर त्याच कोपऱ्यावर भेग होती.

त्यांनी भेगेवर दोन ठिकाणी काचेच्या अरुंद पट्ट्या आडव्या बसवून त्यांची टोके प्लॅस्टरने पक्की केली. भेग हलली तर काच तडकते. कार्तिकात बसवलेल्या दोन पट्ट्यांपैकी वरची माघात तडकली, खालची शाबूत राहिली. म्हणजे हालचाल होती, पण बेताची. नळ पुरा करून पाणी गटारापर्यंत नेले आणि घराच्या मोकळ्या दोन बाजूंना तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा घातला. चोवीस हजारांचे हे काम रस्त्यावरून जाणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. धाकट्यांनी वहीत त्यापुढे उद्गारचिन्ह काढले आहे.

काढण्याच्या कामाला लावण्याच्या कामाहून कमी पैसे लागतात, हे मात्र त्यांना लवकरच पटले. वायरमनने एका दुपारी मेलेल्या केबलच्या तारा उतरवल्या, तेव्हा साधारण पोतेभर तारा निघाल्या. जिवंत तारा एकाच नळीतून सज्जाखालून नेल्या. कूलरची मांडणी मागच्या बाजूला गेली, ओट्यावरचा निळा पत्रा उतरला. त्या संध्याकाळी गल्लीतल्या दोघा-तिघांनी थांबून, रंग कधी दिला, असे विचारले. रंगाचा डबा अजून आणलाही नव्हता.

मधल्या खिडकीवरील झरोक्यात चिमणीचे घरटे निघाले. अंड्यांतून पिले येऊन ती उडून जाईपर्यंत चिमणीला साधारण महिना लागतो. तेवढा काळ तेथील परांची मोकळी ठेवायची असे थोरल्या वहिनींनी मिस्त्रींना सांगितले, आणि मिस्त्रींनीही कुरकुर न करता आधी बाजूची भिंत घेतली. अशा घरांत काम करण्याची त्यांना सवय असावी. सामानाची यादी करतानाच त्यांनी स्वतःहून ब्रशाची गोष्ट काढली. रंगाऱ्याचे चांगले ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचे असतात. वहिनींनी नायलॉनचे ब्रश आणि रोलर आणवले. मागची भिंत मूळच्या जुन्या घरातली, चुन्यात बांधलेली आणि लोणा लागलेली. तिच्यावर प्लास्टिकयुक्त रंग दिला तर आतली ओल कोंडून पोपडे पडतात, म्हणून तिला चुनाच द्यायचे ठरले. चुना भिंतीला धरून राहावा म्हणून पूर्वी त्यात सरस घालण्याची चाल होती. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. येथे चुन्याची कळी रात्रभर विझवून, गाळून त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. ती भिंत आज घरातील सर्वांत सुरेख भिंत आहे, आणि तिचा खर्च सर्वांत कमी आहे.

दर्शनी बाजूचे पोपडे खरवडून, पोकळ वाजणारा गिलावा तोडून तेवढ्याच जागी नवा भरला. नवा गिलावा आठवडाभर भिजवला आणि पुढे तीन आठवडे सुकू दिला. या तीन आठवड्यांनी धाकट्यांचा जीव सर्वाधिक कासावीस केला, कारण ठिगळे लावलेले घर पूर्वीपेक्षाही वाईट दिसत होते आणि लग्न जवळ येत होते. घाईने ओल्या गिलाव्यावर रंग देणारे पुष्कळ असतात. त्यांचा रंग पहिल्या पावसाळ्यातच खार फुटून उतरतो.

दाराचा तेलरंग काढताना पुण्याहून आलेल्या नवऱ्या मुलाने सावध केले. जुन्या तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. १९६७ च्या दारावर त्याआधीचे सारे थर होते. म्हणून कोरडे घासणे बंद करून ओल्या कागदाने घासले, खाली प्लास्टिक अंथरून धूळ गोळा केली आणि लहान मुलांना आठ दिवस मामाकडे धाडले. रंगाखालून निघाला तो साधा, जाड, सरळ रेषांचा सागवान. त्याला जवसाचे तेल दिले. पितळी कड्या चिंचेने उजळल्या.

रंगाची निवड धाकट्या वहिनींनी केली. त्यांनी डब्यांच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवला नाही. भिंतीवर दोन-दोन फुटांचे चार चौकोन रंगवून घेतले आणि ते सकाळी, दुपारी चार वाजता आणि दिव्याखाली पाहिले. पुस्तिकेत सौम्य दिसणारा पिवळा दुपारच्या उन्हात डोळ्यांत खुपत होता. शेवटी ज्वारीच्या भाकरीसारखा किंचित राखट पांढरा भिंतीला आणि त्याहून एक छटा गडद सज्जांच्या कडांना, एवढेच ठरले. फिकट रंगाने भिंत कमी तापते हा लाभ वेगळाच. जोत्याच्या दगडावरचा लाल तेलरंग मात्र काढून टाकला. दोन बिगाऱ्यांना त्यासाठी सहा दिवस लागले. साध्या घराला खाली काळ्या दगडाची पट्टी आणि वर फिकट भिंत मिळाली की ते जमिनीवर बसल्यासारखे वाटते, आणि ही पट्टी या घराला आधीपासूनच होती. ओट्याची शहाबादी फरशी घासली, फुटलेल्या दोन तेवढ्या बदलल्या. दारावर पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेडाचा एक दिवा बसवला. अशा दिव्यावर कीटक कमी येतात.

कठड्यावरची अक्षरे सर्वांत शेवटी घेतली. मिस्त्रींनी बोथट खिळा आणि ओल्या फडक्याने एकेक थर काढला. हिरवा, गुलाबी, पिस्ता, पुन्हा गुलाबी. सिमेंटमध्ये उठावाने काढलेले ‘श्री’, खाली ‘वीर संवत २४९३’ आणि त्याखाली ‘१९६७’. अक्षरे सरळ नव्हती. नऊचा आकडा शेजाऱ्यावर किंचित रेललेला होता. मातुश्रींनी सांगितले की ती कोणा कारागिराची नव्हेत. त्या वर्षी गवंड्याचे शेवटचे पैसे देऊन झाल्यावर हातात काही उरले नव्हते, म्हणून सासऱ्यांनी उरलेल्या सिमेंटमध्ये रात्री कंदिलाच्या उजेडात ती स्वतः लिहिली, आणि त्या पाटी धरून उभ्या होत्या. धाकट्या बंधूंनी विचारले, “आई, हे इतकी वर्षे का सांगितले नाहीस?” “कोणी विचारले नाही,” त्या म्हणाल्या.

अक्षरांना वेगळा रंग द्यावा का, यावर घरात पुन्हा एक दिवस वाद झाला. सोनेरी नको, एवढ्यावर एकमत झाले. ती भिंतीच्याच रंगात ठेवली. सकाळचे ऊन तिरपे पडते तेव्हा वाचता येतात, दुपारी येत नाहीत.

वहीचा शेवट एक लाख एकोणसाठ हजार पाचशेवर झाला. उरलेले साडेपंधरा हजार धाकट्यांनी रोषणाईला परत दिले, आणि लग्नात दारावर झेंडूच्या माळांबरोबर दिव्यांच्या दोनच माळा लागल्या. व्याह्यांनी घराविषयी एक शब्दही काढला नाही. ते ओट्यावर बसले, पाय पायरीच्या दगडावर टेकवले, तुरीचा भाव विचारला आणि उधारीच्या गोष्टी काढल्या. त्यांचेही पैसे अडकलेले होते. धाकटे अजूनही शेजारच्या काचेच्या कठड्याकडे पाहतात, आणि हंगाम चांगला गेला तर पाहू, असे म्हणतात. थोरले त्यावर काही बोलत नाहीत.

रंगाऱ्याने भेग पक्क्या सिमेंटने न भरता लवचीक भरणाने भरली होती आणि वर रंगाचे दोन हात दिले होते. मे महिन्याच्या शेवटी तेथे केसाएवढी रेघ पुन्हा दिसू लागली. ती पुसून घ्यायला रंगारी यायला तयार होता. थोरल्यांनी त्याला थांबवले, शिडी लावली, रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक खुणा केल्या आणि शेजारी तारीख लिहिली. आता पहिल्या पावसानंतर तेथे दुसरी तारीख लिहायची आहे.